सोन्याचे नॅनोकण: बातमीत सगळे पोचतात, गाठीत किती?

दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तीच बातमी नवे कपडे घालून येते. कधी संस्था परदेशातली असते, कधी आपल्याच देशातली. धातू कधी सोनं, कधी चांदी, कधी लोह. मथळा मात्र ठरलेला: नॅनोकण कर्करोगाच्या पेशी शोधून मारणार, निरोगी पेशींना धक्काही लागणार नाही. सोबत एक चित्र असतं. निळ्या अंधारात चमकणारे सोनेरी गोळे एका वेड्यावाकड्या गुलाबी पेशीवर चाल करून निघालेले असतात. हे चित्र कुणीतरी संगणकावर काढलेलं आहे, हे त्याखाली लिहिलेलं नसतं.

मला आज या बातम्यांच्या विरोधात लिहायचं आहे. संशोधनाशी माझं भांडण नाही, ते व्हायलाच हवं. पण बातमी आली की पुढच्या आठवड्यात ओपीडीत कुणाचा तरी मुलगा किंवा जावई फोन पुढे करतो आणि विचारतो, "डॉक्टर, आईला केमो नको वाटतंय. हे सोन्याचं इंजेक्शन आपल्याकडे कधी येईल? तोवर थांबलं तर चालेल का?" या "तोवर थांबलं तर"मध्ये माणसं जातात. स्तनाची गाठ पहिल्या टप्प्यात सापडली तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. तीच गाठ हाडात किंवा यकृतात पसरल्यावर आमच्या हातात आयुष्य वाढवणं उरतं, बरं करणं सहसा उरत नाही. तंबाखूमुळे झालेला तोंडाचा कर्करोग तर काही महिन्यांत गालातून जबड्याच्या हाडात शिरतो, आणि छोट्या शस्त्रक्रियेच्या जागी अर्धा जबडा काढावा लागतो. बातमी लिहिणाऱ्याला याची कल्पना नसते आणि छापून झाल्यावर तो चौकशीलाही येत नाही.

आधी हे कण काय आहेत ते पाहू. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी साधारण सात हजार नॅनोमीटर रुंद असते. औषधासाठी वापरले जाणारे सोन्याचे कण बहुधा दहा ते दीडशे नॅनोमीटरचे. सोनं इतकं बारीक झालं की ते पिवळं दिसत नाही, पाण्यात माणकासारखा लाल रंग येतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली असं पाणी करून दाखवलं होतं. म्हणजे "नवा शोध" म्हणून जे येतं त्याचा पाया दीडशे वर्षांहून जुना आहे.

डॉक्टरांना या कणांचं आकर्षण वाटतं त्याला चांगली कारणं आहेत. सोनं शरीरात सहसा कशाशी रासायनिक झटापट करत नाही. त्याच्या पृष्ठभागावर औषध किंवा प्रतिपिंड चिकटवता येतं. विशिष्ट प्रकाश टाकला की ते तापतं, आणि ती उष्णता शेजारच्या पेशीला जाळू शकते. जड धातू क्ष-किरण जास्त शोषतात, त्यामुळे रेडिएशनचा मारा तेवढ्या जागी वाढतो. लोहाचे कण चुंबकाने तापवता येतात. हे सगळं खरं आहे, प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

खटकतो तो एक शब्द: लक्ष्यवेधी. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे क्षेपणास्त्र येतं. कणाला इंजिन नसतं, डोळे नसतात, नकाशा नसतो. तो रक्तात पडतो आणि रक्त नेईल तिकडे जातो. त्याच्यावर बसवलेलं प्रतिपिंड ही फार तर खिशातली किल्ली आहे. योग्य कुलपावर आपटला तर चिकटेल, पण कुलपापर्यंत चालत जाण्याची सोय त्या किल्लीत नाही. शिवाय ते कुलूप फक्त कर्करोगाच्याच दारावर असतं असंही नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत हर-टू नावाचं प्रथिन पेशींवर भरपूर असतं, पण थोडं हृदयाच्या स्नायूंवरही असतं. म्हणूनच त्यावरचं ट्रास्टुझुमॅब औषध देताना आम्ही ठरावीक काळाने इको काढायला सांगतो. "निरोगी पेशींना धक्काही नाही" हे वाक्य लिहिणाऱ्याने तो इकोचा कागद एकदा पाहावा.

मग शिरेतून दिलेला कण जातो कुठे? रक्तात उतरल्याबरोबर त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटू लागतात. थोड्या वेळात त्याच्या अंगावर असा एक कोट चढतो आणि बऱ्याचदा आपण हौसेने बसवलेली किल्ली त्याच कोटाखाली झाकली जाते. सहा नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतात. मोठे असतात त्यांना यकृत आणि प्लीहा पकडतात. या दोन अवयवांत परक्या कणांना गिळणाऱ्या पेशी बसलेल्याच असतात, जंतू पकडणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांच्या दृष्टीने आपला सोन्याचा कण हाही एक घुसखोरच. आणि सोनं पचत नाही, त्यामुळे यकृतात अडकलेलं सोनं तिथेच महिनोन् महिने राहू शकतं.

उरलेल्या कणांनी गाठीत शिरायचं कसं? १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी एक कल्पना मांडली. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यांना फटी असतात, त्या फटींतून मोठे रेणू गळून गाठीत साचतात. पुढची तीसेक वर्षं नॅनो-औषधांचं बरंचसं क्षेत्र या कल्पनेवर उभं राहिलं. उंदरांत ती बरी चाललीही. पण वीस ग्रॅमच्या उंदराच्या कातडीखाली एक ग्रॅमची गाठ वाढवतात, म्हणजे त्याच्या वजनाचा विसावा भाग. साठ किलोच्या माणसात हा हिशोब तीन किलोच्या गाठीचा होईल. ती गाठही दोन-तीन आठवड्यांत फुगवलेली. आपल्या रुग्णाची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली असते, तिच्या वाहिन्या वेगळ्या, आतला दाब वेगळा. टोरोंटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०२० साली त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली: त्यांनी तपासलेल्या गाठींत फटी फारच थोड्या निघाल्या, आणि सुमारे ९७ टक्के कण वाहिनीच्या पेशींमधून, त्या पेशींच्या स्वतःच्या वाहतुकीने आत गेले होते. फटींचा सिद्धांत निदान तिथे तरी तोकडा पडला.

याच गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग गोळा करून हिशोब केला होता. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत किती पोचतात? मध्यक आकडा निघाला ०.७ टक्के. हजारात सात, आणि तेही उंदरांत. २०१८ साली त्यांनी आणखी बारकाईने पाहिलं. शिरेतून दिलेल्या, किल्ली बसवलेल्या कणांपैकी प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीला भेटतात किती? दहा लाखांत चौदाहूनही कमी. गाठीत पोचलेले बाकीचे पेशींमधल्या जाळीत अडकले किंवा गाठीतच राहणाऱ्या भक्षक पेशींनी गिळले.

गिरगावातल्या एका चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा पत्ता लिहून तुम्ही हजार पार्सलं पाठवलीत. नऊशे त्र्याण्णव वाटेतल्या गोदामांत राहिली किंवा गहाळ झाली. सात चाळीच्या दाराशी आली आणि जिन्याखाली पडून राहिली. नेमक्या खोलीत एखादं जावं म्हणून तुम्हाला पार्सलं पाठवायची आहेत हजारोंनी. पार्सलवर पत्ता होता, नाही असं नाही! पण त्याला "लक्ष्यवेधी टपाल" म्हणून जाहिरात केली तर लोक हसतील. कर्करोगाच्या बाबतीत कुणी हसत नाही, कारण ऐकणारा घाबरलेला असतो.

आता दुसरी बाजू. ०.७ टक्के हा आकडा ज्या पद्धतीने काढला तिच्यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. आणखीही एक रास्त मुद्दा आहे: साधी केमोसुद्धा फार थोडीच गाठीत जाते, बाकीची शरीरभर फिरते. मग नॅनोकणांनाच दोष का? मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे. कण थोडे पोचतात म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं, चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन आम्ही आजही वापरतो. त्याची मोठी कमाई ही की साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा हृदयाला कमी त्रास होतो. हा नॅनो-औषधाचा खरा, कामाचा उपयोग आहे. पण "हृदयाला कमी त्रास" यावर मथळा होत नाही. मथळ्याला "शोधून मारणार" लागतं. माझी तक्रार नेमकी तीच आहे. टक्के किती पोचले यापेक्षा रुग्ण किती जगले, कसे जगले हे विचारायला हवं, आणि या बातम्यांत नेमका हाच प्रश्न गायब असतो.

धातूच्या कणांच्या बाबतीत माणसांवर काय झालंय ते पाहू, कारण अगदीच काही झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

सोन्याच्या कणांवर टीएनएफ नावाचं प्रथिन बसवून अमेरिकेत पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. नुसतं टीएनएफ दिलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. कणावर बसवलेलं बरंच सोसलं गेलं. ही सुरक्षिततेची चाचणी होती. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण ते औषध बाजारात आलेलं नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचा पातळ थर चढवलेले, साधारण दीडशे नॅनोमीटरचे कण. प्रोस्टेटमध्ये मर्यादित असलेल्या कर्करोगाच्या सोळा रुग्णांवरचा अनुभव २०१९ साली प्रसिद्ध झाला, पंधरा जणांचे उपचार पूर्ण झाले. कण आदल्या दिवशी शिरेतून दिले. दुसऱ्या दिवशी एमआरआय आणि सोनोग्राफीच्या मदतीने गाठीत लेझरचा तंतू नेऊन ठेवला आणि अवरक्त प्रकाशाने तेवढी जागा तापवली. चांगलं काम आहे. पण नेम कुणी धरला ते बघा! डॉक्टरच्या हाताने आणि एमआरआयने. कण यकृतातही होते, पण तिथे लेझर लावला नाही म्हणून तिथे काही जळलं नाही.

तिसरं उदाहरण हाफ्नियम ऑक्साइडच्या कणांचं, फ्रान्समधलं. हे शिरेतून देतच नाहीत, सुईने थेट गाठीत टोचतात आणि मग रेडिएशन देतात. हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या सार्कोमावर १८० रुग्णांची चाचणी झाली. गाठ काढल्यावर तिच्यात जिवंत पेशी जवळपास शिल्लक नाहीत असं कण दिलेल्या गटात १६ टक्के रुग्णांत दिसलं, नुसत्या रेडिएशनच्या गटात ८ टक्के. युरोपात २०१९ साली त्याला मान्यता मिळाली. जर्मनीतले लोहाचे कणही असेच. मेंदूच्या गाठीत थेट टोचायचे आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे. त्याची किंमत अशी की कण डोक्यात राहतात आणि पुढे एमआरआयची चित्रं बिघडतात.

या उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते. धातूच्या कणांनी माणसात जे थोडंफार साधलंय ते कणांना वाट शोधायला लावली नाही तिथे. नेम सुईचा किंवा लेझरचा आणि कण मदतीला. "रक्तात सोडा, तो शोधून मारेल" या स्वप्नाला माणसात अजून आधार नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं झालंय.

गंमत अशी की लक्ष्यवेधी धातूचं खरं उदाहरण आपल्या मुंबईतच मिळतं आणि त्यावर कुणी व्हॉट्सअ‍ॅप फिरवत नाही. ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तो तयार होतो. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूला धातूचा एकेक अणू जोडतात. तो नॅनोकण नव्हे, त्यापेक्षा कितीतरी लहान आहे. म्हणून तो गाठीत सहज झिरपतो आणि उरलेला मूत्रपिंडातून बाहेर जातो. पसरलेल्या आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या कर्करोगावर ८३१ रुग्णांची चाचणी झाली. निकाल २०२१ साली आला: मध्यक आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ महिने. चार महिने. आणि तोंडाला कोरड पडणं हा त्याचा ठरलेला त्रास, कारण लाळग्रंथीही ते औषध ओढून घेतात. प्रामाणिक आकडा असा दिसतो. रुग्णाच्या बायकोला मी हे चार महिने समजावून सांगू शकतो, ती ठरवू शकते. सोनेरी गोळ्यांच्या चित्रावर ती काय ठरवणार?

दोष फक्त वार्ताहरांचा आहे का? नाही. बातमीचा कच्चा माल संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांतून येतो. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेला असतो. बशीत ना यकृत असतं, ना प्लीहा, ना रक्तप्रवाह. तिथे पेशी मारणं फार अवघड नाही, ब्लीचनेही मरतात. पत्रकात मात्र "कर्करोगावर प्रभावी" असं येतं आणि "पेशींच्या संवर्धनात" हे शब्द चौथ्या परिच्छेदात. संशोधकांना निधी हवा, संस्थेला नाव हवं, हे समजू शकतं. पण "उंदरांत" किंवा "बशीत" हा शब्द मथळ्यात टाकायला कागद किती लागतो? आम्ही डॉक्टरही गप्प बसतो. रुग्णाने फोन दाखवला की "तसलं काही नसतं हो" म्हणून पुढच्याला हाक मारतो. तो रुग्ण मग जिथे वेळ देऊन ऐकतात तिथे जातो.

आणि तिथे कोण बसलेलं असतं, ते सांगतो. बातम्यांनी नांगरलेल्या या शेतात दुसरेच लोक पेरणी करतात. "सुवर्ण नॅनो थेरपी", "नॅनो सिल्व्हर थेंब", "विज्ञानाने सिद्ध केलेलं स्वर्णभस्म". माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने अशा थेंबांसाठी शेताचा तुकडा गहाण टाकला होता. मोफत होऊ शकली असती अशी शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजूर होऊन पडली होती. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या हातात एका इंग्रजी शोधनिबंधाची झेरॉक्स होती. निबंध खरा होता, फक्त त्याचा त्या बाटलीशी काहीही संबंध नव्हता.

स्वर्णभस्माबद्दल स्पष्ट बोलतो, कुणाची श्रद्धा दुखावण्याचा हेतू नाही. भस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण असतात हे तपासणीत दिसलं आहे. पण आकार म्हणजे पत्ता नव्हे. नॅनो असणं हा गुण धुरातल्या काजळीतही असतो. तोंडाने घेतलेल्या सोन्याचा फार मोठा भाग आतड्यातून तसाच बाहेर जातो. स्वर्णभस्माने कर्करोग बरा होतो असं माणसांवरच्या नीट चाचणीत सिद्ध झालेलं नाही. आणि भस्म शुद्ध असेलच याची खात्री काय? इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ज्याचं यकृत आणि मूत्रपिंड केमोमुळे आधीच थकलंय त्याला हे सोसवत नाही. चांदीच्या थेंबांचं तर आणखी वाईट: चांदी त्वचेत साठते, माणूस निळा-राखाडी दिसू लागतो आणि तो रंग सहसा जात नाही.

कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बेकायदा आहे. तरी ती भिंतींवर, टीव्हीवर, मोबाइलवर रोज दिसते. अशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. घरचं कुणी आजारी असताना तक्रार करायला वेळ नसतो, हे मला कळतं. शेजारच्याने करावी.

ज्यांना खरोखर अशा उपचाराची आशा आहे त्यांनी मला किंवा आपल्या डॉक्टरांना एवढं विचारावं: हा प्रयोग माणसांवर झाला आहे का, किती जणांवर, आणि त्यांचं आयुष्य वाढलं का? भारतात चाचणी सुरू असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदणीत सापडतेच. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना ती नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं आहे, क्रमांक टाकला की चाचणी कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे दिसतं. समोरचा माणूस "ट्रायल" म्हणतोय आणि क्रमांक देत नाही, तर उठून या. चाचणीत तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतिपत्र द्यावं लागतं, इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे, आणि आयसीएमआरच्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाच्या खर्चासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. थेंबांच्या बाटलीवर किंमत छापलेली असेल, तर ती चाचणी नाही.

आणि तोवर थांबू का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल तर ती घ्या. नॅनोकणांचं काही चांगलं निघालं तर ते बहुधा या उपचारांच्या जोडीनेच दिलं जाईल, हाफ्नियमचं रेडिएशनच्या जोडीने दिलं तसं.